प्रत्यर्पण, हद्दपार, तडीपार, डिपोर्ट: नेमका फरक काय?

अमळनेरचा_विधी विचारतो:

नमस्कार मंडळी. मी एलएलबीला आहे, पेपर मराठीतून लिहितो म्हणून हा प्रश्न. काल स्टेशनजवळच्या टपरीवर आमच्या ग्रुपात जाम वाद झाला, विषय निघाला मुंबई हल्ल्यातला आरोपी तहव्वूर राणा याचा. एक जण म्हणे अमेरिकेने त्याला हद्दपार केलं, दुसरा म्हणे हद्दपार नाही रे भो तडीपार म्हणतात, तिसऱ्याने मोबाईलवर जुनी बातमी काढून दाखवली तिच्यात 'भारताने राणाचे प्रत्यार्पण केले' असं लिहिलेलं, आणि एका चॅनलच्या क्लिपमध्ये खाली पट्टीत 'डिपोर्ट'. म्हणजे एकाच माणसाला एकाच विमानातून आणलं आणि शब्द चार.

मला हे विचारायचंय की या चारही शब्दांत कायद्याने फरक आहे का नुसती बोलायची पद्धत आहे. दुसरं म्हणजे प्रत्यार्पण लिहायचं का प्रत्यर्पण, दोन्ही दिसतं. आणि तिसरं, आपल्याकडचा एखादा आरोपी सुरतला नाहीतर बऱ्हाणपूरला पळाला आणि आपले पोलीस त्याला घेऊन आले तर त्याला पण प्रत्यर्पणच म्हणायचं का? राज्य तर दुसरं आहे ना. जाणकारांनी जरा सविस्तर सांगा, परीक्षेपुरतं नको, नीट समजून घ्यायचंय.

रावेरचा_केळीवाला:

भाऊ माझ्या मते अर्थ एकच. पळालेला माणूस परत आणला, विषय संपला. 'परत आणलं' लिहा ना सरळ, लहान पोराला पण कळतं. एवढे जड शब्द कशाला पाहिजेत.

धुळे_कोर्ट_रोड:

केळीवाले दादा, बोलताना 'परत आणलं' चालेल, कोर्टात नाही चालणार, आणि का नाही चालणार ते सांगतो कारण हा फरक कळला की अर्धा विषय कळला. मी धुळ्याला प्रॅक्टिस करतो, प्रत्यर्पणाची केस आमच्याकडे येत नाही ती दिल्लीला चालते, पण तडीपारीच्या केसेस भरपूर येतात आणि पक्षकारच काय पण शिकलेले लोकसुद्धा हे सगळे शब्द एका पिशवीत टाकतात.

विधी, तू एकच गोष्ट धरून ठेव. माणूस कोणाला तरी हवा आहे का कोणाला तरी नको आहे, हे बघ.

प्रत्यर्पणात एक देश दुसऱ्या देशाकडे माणूस मागतो. मागणी आल्याशिवाय प्रत्यर्पण होऊच शकत नाही. आमच्याकडे याच्यावर अमुक गुन्हा आहे किंवा याला शिक्षा झालीय आणि हा तुमच्याकडे येऊन बसलाय, तो आमच्या ताब्यात द्या, अशी ती मागणी. ती सरकारकडून सरकारकडे जाते, पोलिसाकडून पोलिसाकडे नाही. आपल्याकडे यासाठी १९६२ चा प्रत्यर्पण कायदा आहे. समजा दुसऱ्या देशाने आपल्याकडे कोणाला मागितलं तर अर्ज परराष्ट्र मंत्रालयाकडे येतो, केंद्र सरकार मॅजिस्ट्रेटला चौकशी करायला सांगतं, मॅजिस्ट्रेट बघतो की प्रथमदर्शनी केस दिसते का, हा गुन्हा प्रत्यर्पणाला पात्र आहे का, का राजकीय स्वरूपाचा आहे, आणि मग शेवटचा निर्णय परत केंद्र सरकारचा. त्या माणसाला वकील देता येतो, विरोध करता येतो, वरच्या कोर्टात जाता येतं. राणाने अमेरिकेत तेच केलं. त्याचं म्हणणं होतं की शिकागोच्या ज्युरीने २०११ मध्ये मुंबई हल्ल्याच्या आरोपातून मला सोडलंय, आता त्याच गोष्टीसाठी भारतात परत खटला कसा. तिथली कोर्टं एकेक पायरी चढत हा मुद्दा बघत गेली, शेवटी त्यांच्या सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये दाद दिली नाही आणि १० एप्रिल २०२५ ला तो दिल्लीत उतरला. भारत आणि अमेरिकेचा १९९७ चा प्रत्यर्पण करार आहे, त्याखाली हे झालं. म्हणजे तुमच्या टपरीवरच्या वादात राणापुरता बरोबर शब्द एकच, प्रत्यर्पण.

डिपोर्ट करणं वेगळं. तिथे कोणी मागत नाही. 'तू आमच्या देशात राहायला पात्र नाहीस, निघ' एवढंच असतं. व्हिसा संपला, कागद खोटे निघाले, चोरवाटेने घुसला, काहीही कारण असेल. तो पुढे कुठे जाऊन पडतो, तिथे त्याच्यावर केस आहे की नाही, याच्याशी पाठवणाऱ्या देशाला देणंघेणं नसतं. मराठी पेपर याला हद्दपारी म्हणतात, कोणी मायदेशी रवानगी म्हणतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या १०४ लोकांना लष्करी विमानात बसवून अमृतसरला आणून सोडलं, आठवतं ना, हातापायात बेड्या घातलेल्या. ते डिपोर्टेशन. त्या लोकांना भारताने मागितलं नव्हतं आणि म्हणूनच त्यांच्या बाबतीत कोणी 'प्रत्यर्पण' लिहिलं तर मला मनापासून राग येतो, कारण शेत विकून एजंटला पैसे देऊन गेलेल्या पोराला तुम्ही एका शब्दात फरार आरोपी करून टाकता. गावात त्या पोराचं काय होतं, त्याच्या बहिणीचं लग्न जमवताना लोक काय बोलतात, याचा विचार बातमी लिहिणाऱ्याने करायला पाहिजे.

आणि तडीपार तर पूर्णच देशातला मामला. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१, कलम ५५, ५६, ५७. ५५ टोळीसाठी, ५६ ज्याच्यामुळे लोकांत दहशत आहे आणि साक्षीदार पुढे यायला घाबरतात अशासाठी, ५७ आधी शिक्षा झालेल्यांसाठी. एसपी, डीसीपी किंवा प्रांत ऑर्डर काढतात की तू या जिल्ह्यातून, फार तर लगतच्या जिल्ह्यांतून, बाहेर जा. जास्तीत जास्त दोन वर्षं. आधी नोटीस देऊन म्हणणं ऐकावं लागतं, ऑर्डरवर ३० दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येतं, आणि मुदतीत परत आला तर कलम १४२ चा गुन्हा. सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये जालन्याच्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की हा असाधारण उपाय आहे, माणसाच्या देशात कुठेही फिरायच्या मूलभूत हक्कावर घाला आहे, ऊठसूट वापरायचा नाही. तडीपार माणूस ऑर्डरमध्ये नाव नसलेल्या जिल्ह्यात खुशाल राहू शकतो, भाड्याने खोली घेऊन दुकान टाकू शकतो. त्याला कोणी कोणाच्या ताब्यात देत नाही. मग राणाला तडीपार कसं म्हणणार?

नवापूर_लाईन:

वकील साहेबांनी छान सांगितलं. तिसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो, मी पोलीस खात्यातून रिटायर झालोय आणि नोकरीतली बरीच वर्षं बॉर्डरवरच गेली.

देशाच्या आत प्रत्यर्पण नसतं. वॉरंट भारतात कुठेही बजावता येतं, मग तो सुरतला असो, खरगोनला असो का कलकत्त्याला. आमच्या भाषेत आम्ही 'ताबा घेतला' म्हणतो. आरोपी सुरतला सापडला की आपली टीम जाते, तिथल्या लोकल पोलीस स्टेशनला एन्ट्री करते, त्यांची मदत घेते, आरोपीचं मेडिकल होतं, घरच्यांना कळवायचं, आणि आपल्या कोर्टापर्यंत २४ तासांत पोचणं होत नसेल तर तिथल्याच मॅजिस्ट्रेटसमोर उभं करून ट्रान्झिट रिमांड, म्हणजे आरोपीला प्रवासात ताब्यात ठेवायची परवानगी, घ्यायचा. त्या कागदावर लिहिलेलं असतं की अमुक तारखेपर्यंत अमुक कोर्टात हजर करा. मग ताप्ती लाईनची गाडी पकडायची, दोघांच्या मधे आरोपी बसवायचा आणि डोळ्यात तेल घालून नंदुरबारपर्यंत यायचं. वॉरंटवर पकडलं असेल तर अजून एक नियम आहे, वॉरंट काढणारं कोर्ट ३० किलोमीटरच्या आत असेल तर थेट तिथेच न्यायचं, नाहीतर पकडलं त्या भागातल्या मॅजिस्ट्रेट नाहीतर अधिकाऱ्यापुढे आधी न्यायचं. बॉर्डरवर हा नियम फार कामाला येतो.

विधी तू कधी नवापूर स्टेशनला उतरलास का? उतर एकदा. प्लॅटफॉर्मवर एक बाक आहे त्याच्या मधोमध रेघ मारलेली, एका बाजूला महाराष्ट्र लिहिलंय दुसऱ्या बाजूला गुजरात. तिकीट खिडकी आपल्या हद्दीत आणि स्टेशन मास्तरचं ऑफिस गुजरातच्या. अनाउन्समेंट मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी चारही भाषांत. आता एखादा पाकीटमार महाराष्ट्राच्या टोकाला पाकीट मारून गुजरातच्या टोकाला पळाला तर गुन्हा कोणाच्या हद्दीत घडला, दाखल कुठे करायचा, हा हद्दीचा प्रश्न येतो, पण त्याला पकडायला कोणा सरकारची परवानगी लागत नाही, पाठलाग करत जायचं आणि धरायचं.

अजून एक सांगतो, हे आमच्या जुन्या हवालदारांकडून ऐकलेलं आणि नंतर वाचलं पण. इंग्रजांच्या वेळी मात्र इथेच, याच पट्ट्यात, हे प्रकरण खरोखर प्रत्यर्पणाचं होतं. नवापूरच्या पलीकडे सोनगड-व्यारा म्हणजे गायकवाडांचं बडोदा संस्थान, शिरपूरच्या वर घाट चढलं की सेंधवा होळकरांचं. खान्देश ब्रिटिशांचा. इकडे दरोडा घालून माणूस तिकडे गेला की ब्रिटिश पोलिसाला संस्थानात घुसून धरता येत नव्हतं, पोलिटिकल एजंट म्हणजे संस्थानावर नेमलेल्या इंग्रज अधिकाऱ्यामार्फत कागद फिरायचे. त्यासाठी १९०३ चा खास कायदा होता. संस्थानं विलीन झाली आणि तो प्रकार संपला. आज शिरपूरहून सेंधव्याला लोक बाजाराला जातात येतात, कोणाला आठवत पण नाही.

रावेरचा_केळीवाला:

हे संस्थानवालं माहीत नव्हतं, भारी माहिती. पण वकील साहेब माझा एक सवाल. तुम्ही म्हणता डिपोर्ट करायला कोर्टकचेरी कमी, मागणी नको, काही नको. मग बँकांच्या कर्जाच्या प्रकरणातल्या विजय मल्ल्याला ब्रिटनने डिपोर्ट का नाही केलं? २०१६ पासून तिथे बसलाय. बसवायचा विमानात आणि द्यायचा पाठवून. एवढी वर्षं प्रत्यर्पण प्रत्यर्पण करत बसण्यापेक्षा.

धुळे_कोर्ट_रोड:

दादा प्रश्न एकदम बरोबर जागी विचारलात, कारण आपल्या सरकारने आधी तेच करून बघितलं होतं. एप्रिल २०१६ मध्ये त्याचा पासपोर्ट रद्द केला आणि ब्रिटनला सांगितलं की आता याच्याकडे पासपोर्ट नाही, याला डिपोर्ट करा. ब्रिटनने उत्तर दिलं की आमच्या कायद्यात देशात शिरताना पासपोर्ट चालू असला म्हणजे झालं, नंतर रद्द झाला म्हणून आम्ही काढू शकत नाही, तुमच्याकडे गंभीर आरोप असतील तर प्रत्यर्पण मागा. मग २०१७ मध्ये रीतसर मागणी गेली. डिसेंबर २०१८ ला वेस्टमिन्स्टर मॅजिस्ट्रेट कोर्टाने हो म्हटलं, फेब्रुवारी २०१९ ला त्यांच्या गृहमंत्र्याने सही केली, एप्रिल २०२० ला हायकोर्टाने अपील फेटाळलं. एवढं होऊनही माणूस ताब्यात नाही, कारण त्यानंतरही तिथल्या कायद्यात गोपनीय पद्धतीने चालणाऱ्या गोष्टी असतात, त्या संपल्याशिवाय पाठवत नाहीत. आपला जीव तळमळतो हे खरंय, बँकेत पैसे ठेवणारे आपणच. पण त्यांच्या जागी आपलं कोर्ट असतं आणि दुसऱ्या देशाने आपला माणूस मागितला असता तर आपणही हेच सगळं मागितलं असतं.

उलटं उदाहरण पण आहे. अबू जुंदाल, मुंबई हल्ल्यातला आरोपी, आपल्या बीड जिल्ह्यातल्या गेवराईचा, त्याला जून २०१२ मध्ये सौदी अरेबियाने डिपोर्ट केलं. तिथे लंडनसारखी वर्षानुवर्षं सुनावणी झाली नाही. विमान दिल्लीला उतरलं आणि अटक. पुढे औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरणात २०१६ ला जन्मठेप लागली. आखाती देशांतून असे बरेच आलेत. सरकारं ही वाट का पकडतात ते उघड आहे, लवकर होतं. पण आपल्या सुप्रीम कोर्टाने १९५५ मध्येच हान्स म्युलर नावाच्या जर्मन माणसाच्या केसमध्ये सांगून ठेवलंय की परकीयाला देशाबाहेर काढायचा अधिकार आणि प्रत्यर्पणाचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक परकीय नागरिकांच्या कायद्यातला, दुसरा प्रत्यर्पण कायद्यातला. विधी, ही केस पेपरात लिही, मार्क मिळतील.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्यासाठी मी हे शब्द वेगळे ठेवा म्हणतो. प्रत्यर्पण करून आणलेल्या माणसाच्या मागे अटी येतात. आपल्या प्रत्यर्पण कायद्याचं कलम २१ म्हणतं की ज्या गुन्ह्यासाठी मागितला त्याच गुन्ह्यासाठी खटला चालवा, दुसरा चालवायचा तर आधी त्या देशाची संमती घ्या किंवा त्याला परत जायची संधी द्या. कलम ३४ सी म्हणतं की ज्या देशाने दिला तिथे त्या गुन्ह्याला फाशी नसेल तर आपल्याकडेही फाशी नाही, जन्मठेपच. अबू सालेम हे त्याचं मोठं उदाहरण. २००२ ला लिस्बनमध्ये पकडला, पोर्तुगालने नोव्हेंबर २००५ ला दिला, पण त्याआधी तेव्हाचे उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांच्याकडून लेखी हमी घेतली की फाशी नाही आणि २५ वर्षांच्या वर तुरुंग नाही. २०१७ ला मुंबई बॉम्बस्फोट खटल्यात जन्मठेप झाली, आणि २०२२ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सरकारने दिलेला शब्द सरकारला पाळावा लागेल. १९९३ च्या स्फोटात ज्यांची माणसं गेली त्यांना हे ऐकून काय वाटलं असेल ते मी समजू शकतो. पण शब्द मोडला असता तर पुढच्या वेळी कुठल्याही देशाने आपल्याला माणूस दिला नसता. म्हणून 'परत आणलं' एवढ्यावर भागत नाही केळीवाले दादा. कसं आणलं त्यावर पुढचा सगळा खटला उभा राहतो.

शब्दवेडी_चाळीसगाव:

मी शाळेत मराठी शिकवायचे, तेव्हा लिहिण्याबद्दल मी सांगते. विधी बाळा, प्रत्यर्पण बरोबर. प्रति अधिक अर्पण. इ च्या पुढे अ आला की य होतो, त्यात कुठेही आ नाही. प्रति अधिक अंतर म्हणजे प्रत्यंतर, तसंच. लोक प्रत्यार्पण लिहितात त्याचं कारण मला वाटतं प्रत्यारोपण हा शब्द कानावर आहे, मूत्रपिंड प्रत्यारोपण वगैरे. तिथे मूळ आरोपण आहे म्हणून आ येतो. वर्तमानपत्रात प्रत्यार्पण इतकं रुळलंय की वाचणाऱ्याला खटकत नाही, पण परीक्षेत आणि कोर्टाच्या कागदात प्रत्यर्पणच लिही.

त्याहून मोठी चूक तू दिलेल्या बातमीत आहे, 'भारताने राणाचे प्रत्यार्पण केले'. अर्पण कोण करतो, ज्याच्या हातात वस्तू आहे तो. राणा अमेरिकेच्या हातात होता. म्हणून 'अमेरिकेने राणाचे भारताकडे प्रत्यर्पण केले'. भारताने काय केलं तर प्रत्यर्पणाची मागणी केली, किंवा प्रत्यर्पण करून घेतलं. कर्ता उलटा लावला की वाचणाऱ्याला वाटतं आपणच त्याला कुठेतरी पाठवला. मी हे रोज पेपरात बघते आणि पेन घेऊन बसावंसं वाटतं.

तडीपार शब्द मला फार आवडतो, गुन्हेगारांपायी बदनाम झालाय बिचारा. तड म्हणजे काठ, किनारा. 'काम तडीस नेलं' म्हणतो ना आपण, ती हीच तड. नदीच्या पलीकडच्या काठाला घालवून दिला तो तडीपार. हद्दपार त्याचाच भाऊ, फक्त नदीच्या जागी हद्द. पूर्वी हद्दपार शब्दाला मान पण होता. लाला लजपतराय यांना १९०७ मध्ये खटला न चालवता मंडालेला पाठवलं, टिळकांना १९०८ मध्ये खटला चालवून सहा वर्षांसाठी तिथेच. आमच्या पुस्तकांत दोन्हीकडे हद्दपारी लिहिलेलं असायचं आणि ते वाचताना ऊर भरून यायचा. आता देशातून काढलं तर हद्दपार आणि जिल्ह्यातून काढलं तर तडीपार अशी वाटणी झाली आहे, आणि ती चांगली सोय आहे, पाळावी.

असेच अजून काही. परागंदा म्हणजे स्वतःहून गाव सोडून नाहीसा झालेला, कर्जापायी, भीतीपायी, कशानेही, त्याच्यावर गुन्हा असेलच असं नाही. फरार म्हणजे पोलिसांना हवा असताना पळालेला. भूमिगत तर वेगळाच, तो पळत नाही, लपून काम करतो, बेचाळीसच्या चळवळीतले आपल्या खान्देशातले किती तरी लोक भूमिगत होते, त्यांना कोणी फरार म्हटलेलं मला खपत नाही, मग तेव्हाच्या पोलिसांच्या कागदात काहीही लिहिलेलं असो.

सातपुड्याची_लेक:

बाई तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. मी अक्राणी तालुक्यातली. शब्दांची वाटणी करताय तर अजून एक करा, निर्वासित आणि विस्थापित. सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि अक्राणीची मिळून ३३ गावं गेली, लोक तळोदा-शहाद्याकडे वसाहतींत आले. त्यांना भाषणात, पेपरात, अगदी ऑफिसातसुद्धा 'निर्वासित' म्हणतात. निर्वासित म्हणजे जीवाच्या भीतीने सरहद्द ओलांडून दुसऱ्या देशात आसरा घेतलेला. फाळणीनंतर सिंधी लोक आले ते निर्वासित, जळगावची सिंधी कॉलनी त्यांचीच. आमच्या लोकांनी कुठली सरहद्द ओलांडली? त्यांच्याच राज्यात, त्यांच्याच जिल्ह्यात, धरणासाठी त्यांना उठवलं. ते विस्थापित, सरकारी भाषेत प्रकल्पग्रस्त.

हे मी नुसतं शब्दासाठी म्हणत नाही. निर्वासित माणूस आश्रय मागतो, देणाऱ्याच्या मनावर असतं. भारताने तर १९५१ च्या निर्वासितांच्या आंतरराष्ट्रीय करारावर सही पण केलेली नाही. प्रकल्पग्रस्त माणूस आश्रय मागत नाही, त्याचा हक्क आहे, जमिनीच्या बदल्यात जमीन, पुनर्वसन, दाखला. तहसीलला खिडकीवर उभं राहून 'आम्ही निर्वासित' म्हटलं की समोरचा उपकार केल्यासारखा बोलतो, आणि 'प्रकल्पग्रस्त, हा दाखला' म्हटलं की त्याला रजिस्टर उघडावं लागतं. मी माझ्या आजोबांबरोबर उभी राहिलेली आहे म्हणून सांगते.

आणि दिवाळीनंतर गुजरातच्या साखर कारखान्यांवर ऊस तोडायला जातात ते स्थलांतरित, ते परत येतात. त्यांना पण कोणी विस्थापित म्हणू नका.

अमळनेरचा_विधी:

सगळ्यांचे खूप आभार, ताई तुमचं तर मी वहीत उतरवून घेतलं. सर अजून दोन गोष्टी. एक, सावरकरांना मार्सेल्सला पकडून परत बोटीवर नेलं ते प्रत्यर्पण झालं का? आमच्या ग्रुपात आता त्यावर सुरू झालंय. दोन, रेड कॉर्नर नोटीस म्हणजे आंतरराष्ट्रीय वॉरंट असं बातमीत म्हणतात, ते बरोबर का?

धुळे_कोर्ट_रोड:

सावरकरांचं प्रकरण तर आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पुस्तकांत शिकवतात, आपण मराठी माणसांनी ते उडीपर्यंतच वाचलेलं असतं, पुढचं वाचत नाही. मार्च १९१० ला लंडनला अटक. लंडनहून हिंदुस्थानात पाठवायला प्रत्यर्पण लागलंच नाही, कारण दोन्ही एकाच साम्राज्यात, त्यासाठी १८८१ चा फरारी गुन्हेगारांचा वेगळा कायदा होता, थोडंफार नवापूरच्या अण्णांच्या ट्रान्झिट रिमांडसारखं. ८ जुलै १९१० ला मोरिया बोट मार्सेल्सच्या बंदरात असताना उडी मारून ते फ्रान्सच्या जमिनीवर पोचले आणि तिथे सगळं बदललं. आता ते परक्या देशात, म्हणजे ब्रिटनला हवे असतील तर ब्रिटनने फ्रान्सकडे मागायला पाहिजे, आणि राजकीय आरोपीला देणार नाही असं फ्रान्सला म्हणता आलं असतं. पण किनाऱ्यावरच्या फ्रेंच पोलिसाने धरून सरळ ब्रिटिशांच्या हातात दिलं. मागणी नाही, कोर्ट नाही, फ्रेंच सरकारचा निर्णय नाही. तेव्हा विधी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर, ते प्रत्यर्पण नव्हतं, आणि फ्रान्सची तक्रार नेमकी हीच होती. त्यांनी सावरकर परत मागितले. प्रकरण हेगच्या लवादाकडे गेलं. २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल आला की असं हातात देणं नियमाला धरून नव्हतं, पण म्हणून ब्रिटनवर त्यांना परत करायचं बंधन नाही. मला हा निकाल आजही पटत नाही. चूक झाली हे मान्य करायचं आणि चुकीने हातात आलेला माणूस ठेवून घ्यायचा, हा कुठला न्याय. नंतरच्या काळात अनेक अभ्यासकांनी पण त्यावर टीका केलेली आहे. पण त्या निकालामुळेच प्रत्यर्पण म्हणजे नुसता माणूस हातात देणं नाही, त्यामागे रीतसर मागणी आणि रीतसर निर्णय पाहिजे, हे जगभर चर्चेला आलं.

रेड कॉर्नर नोटीस वॉरंट नाही. इंटरपोल सगळ्या सदस्य देशांना कळवतं की अमुक देशाला हा माणूस अटकेसाठी हवाय, दिसला तर लक्ष ठेवा, प्रत्यर्पणाची मागणी येईपर्यंत तात्पुरतं अडकवा. प्रत्येक देश आपापल्या कायद्याने ठरवतो की तेवढ्यावर अटक करायची का नाही. इंटरपोलचे स्वतःचे पोलीस कुठे जाऊन कोणाला धरत नाहीत. आपल्याकडून ही विनंती सीबीआयमार्फत जाते. लुकआउट नोटीस परत वेगळी, ती आपल्याच विमानतळांवर, माणूस देश सोडून जाऊ नये म्हणून.

शब्दवेडी_चाळीसगाव:

वकील साहेब, याच्यात राजाश्रयाचं पण सांगा ना. पेपरात लिहितात अमक्याने ब्रिटनमध्ये राजाश्रय मागितला. राजाश्रय म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर गवई आणि पंडित येतात.

धुळे_कोर्ट_रोड:

बाई मी 'राजकीय आश्रय' लिहितो, त्यात गोंधळ होत नाही. प्रत्यर्पणाच्या बरोबर उलट दिशेचं ते. एका देशाने मागितलेला माणूस दुसऱ्या देशाला म्हणतो मला देऊ नका, तिथे माझ्या मतांमुळे, धर्मामुळे, जातकुळीमुळे माझा छळ होईल. तो अर्ज चालू असेपर्यंत बहुतेक देश हातात देत नाहीत, म्हणून ज्याला फक्त वेळ काढायचाय तोही हा अर्ज टाकतो. पण खऱ्या छळलेल्या माणसाला हे एकच दार असतं त्यामुळे ते बंद करा असं मी कधी म्हणणार नाही. विधी, प्रत्यर्पण कायद्यातलं कलम ३१ वाच, राजकीय स्वरूपाच्या गुन्ह्यासाठी आपणही कोणाला देत नाही. मात्र त्याच कलमाला जोडून एक यादी आहे, ज्यातले गुन्हे राजकीय म्हणून चालत नाहीत. ती यादी आणि कलम २१ एकदा शेजारी ठेवून वाच, अडलं तर इथेच लिही.

नवापूर_लाईन:

आणि विधी, नवापूरला उतरलास तर कळव. बाकाजवळच भेटू, ट्रान्झिट रिमांडचा कागद कसा भरतात ते समोर बसून दाखवतो.